डिमेन्शिया असलेल्या माणसाला घरी सांभाळताना

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालं की घरच्यांच्या हातात औषधांची चिठ्ठी पडते आणि ‘आता जरा लक्ष ठेवा’ असं सांगितलं जातं. लक्ष ठेवायचं म्हणजे आंघोळीला सपशेल नकार देणाऱ्या माणसाचं सकाळी नेमकं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. घरात रोज सांभाळणारी एक मुख्य व्यक्ती असते: बायको, नवरा, मुलगी, सून, मुलगा. हे सगळं तिच्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करावी लागते. समजावून, पटवून किंवा रागावून हा माणूस आता बदलणार नाही, कारण बिघाड मेंदूत आहे, स्वभावात नाही. आपल्याला बदलता येतात त्या गोष्टी तीनच: आजूबाजूची जागा, काम करण्याची पद्धत आणि आपलं बोलणं.

सुरुवातीला करून घ्यायच्या तपासण्या

डॉक्टरांना डिमेन्शियाचा प्रकार स्पष्ट विचारा आणि तो फाइलवर लिहून घ्या. अल्झायमर सगळ्यात जास्त आढळतो, पण मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळे येऊन होणारा व्हॅस्क्युलर, लुई बॉडी आणि फ्रंटोटेम्पोरल हे प्रकार वेगळे वागतात. फ्रंटोटेम्पोरलमध्ये स्मरणशक्ती बरेच दिवस ठीक असते आणि आधी वागणूक बिघडते, म्हणून घरच्यांना वाटतं की माणूस मुद्दाम करतोय. लुई बॉडीमध्ये नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात, आणि हॅलोपेरिडॉलसारखी भास थांबवण्याची औषधं या पेशंटना फार घातक ठरू शकतात. नवीन डॉक्टरांकडे गेल्यावर प्रकार पहिल्या वाक्यात सांगायचा तो यासाठी.

बी-१२ ची कमतरता, थायरॉइड कमी असणं, नैराश्य, डोक्याला मार लागून हळूहळू साठलेलं रक्त, यांनीही विसर पडतो आणि यांवर उपचार आहेत. काही औषधंच मेंदू सुस्त करतात: झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या जुन्या पिढीतल्या गोळ्या, लघवीचा वेग आवरणाऱ्या काही गोळ्या. घरातली सगळी औषधं, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. त्याच फेरीत कानातला मळ आणि डोळ्यांचा नंबर तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस प्रश्नाचं उत्तर भलतंच देतो आणि ते डिमेन्शियाच्या खात्यात जमा होतं.

आज अचानक बिघडलं तर

डिमेन्शिया महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. काल बरा असलेला माणूस आज एकदम गोंधळला, दिवसभर गुंगीत पडून राहिला, बरळायला लागला किंवा कधी नव्हे तो अंगावर धावून आला, तर ‘आजार वाढला’ असं म्हणून गप्प बसू नका. याला डेलिरियम म्हणतात आणि त्यामागे बहुतेक वेळा शरीरातलं काहीतरी असतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, पडून लागलेला मार, किंवा नुकतंच सुरू केलेलं औषध. ताप, लघवी किती झाली, शौचाला कधी झालं, नवीन गोळी कोणती, हे पाहून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं दिसलं तर वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

दुखणं हे सगळ्यात जास्त निसटणारं कारण आहे. ‘दुखतंय’ असा शब्द सापडत नाही, म्हणून माणूस कपाळाला आठ्या घालतो, एक अवयव धरून बसतो, हात लावला की झटकतो, जेवत नाही. दात, कवळीखालची जखम, गुडघे आणि पोट हे आधी पाहा. दुखण्यावरचं साधं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक वेळेला दिलं आणि चिडचिड ओसरली, तर उत्तर मिळालंच.

बोलायचं कसं

मागून किंवा बाजूने येऊन बोलू नका. समोरून या, त्यांच्या नजरेच्या पातळीला बसा, नाव किंवा नातं घेऊन हाक मारा, नजर मिळाली की बोला. टीव्ही आधी बंद. एका वाक्यात एकच गोष्ट: ‘बाबा, उठा.’ उठले की, ‘इकडे हात धरा.’ सांगून झाल्यावर मनात दहा अंक मोजा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि मध्येच वेगळ्या शब्दांत तेच पुन्हा सांगितलं तर त्यांना ती नवी सूचना वाटते आणि पहिलीही हातची जाते.

‘काय घालणार?’ यापेक्षा दोन सदरे हातात धरून ‘हा की हा?’ विचारा. ‘मला ओळखलंस का?’, ‘सकाळी काय खाल्लंस सांग बघू’ असल्या परीक्षा घेऊ नका. पाहुण्यांनाही दारातच बजावा, कारण हा प्रश्न विचारायची हौस त्यांनाच जास्त असते. पाहुण्यांनी आपलं नाव आपणच सांगायचं: ‘मावशी, मी सुनीताची मुलगी.’ आणि माणूस समोर असताना त्याच्याबद्दल ‘हल्ली काही कळत नाही त्यांना’ असं बोलणं घरात कायमचं बंद करा. शब्द हरवले तरी सूर बराच काळ कळतो.

तोच प्रश्न वीस वेळा येतो, कारण मिळालेलं उत्तर साठवलं जात नाही, पण त्यामागची काळजी मात्र शिल्लक राहते. ‘मुलगा कधी येणार?’ याला घड्याळाची वेळ सांगून भागत नाही. ‘त्याची वाट बघतेस ना? येईल तो. तोवर हे टॉवेल घड्या घालू या,’ असं म्हणून हाताला काम द्या. वाचता येत असेल तर मोठ्या अक्षरांत एकच ओळ फळ्यावर लिहून ठेवा आणि प्रश्न आला की फळा दाखवा.

‘मला घरी जायचंय’ हे स्वतःच्या घरात बसून म्हटलं जातं. ‘हेच तुमचं घर’ हे सिद्ध करण्यात अर्थ नाही. कधी लघवी लागलेली असते, कधी भूक, कधी आवाज नकोसा झालेला असतो, कधी नुसतं असुरक्षित वाटत असतं. आधी ते तपासा, मग घराबद्दलच बोला: अंगण कसं होतं, कोण कोण होतं. चार पावलं फिरवून परत आणलं तरी पुष्कळदा जीव शांत होतो.

चोरीचा आळ बहुतेक जो सगळ्यात जास्त करतो त्याच्यावरच येतो, कारण सतत जवळ तोच असतो. मनाला लागतं, पण खुलासा देत बसू नका. ‘पाकीट सापडत नाही? चल, शोधू या,’ म्हणून सोबत शोधा आणि शक्यतो ते त्यांच्याच हाताला लागू द्या. प्रत्येकाच्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतात (उशीचा अभ्रा, कपड्यांच्या घड्या, चपला), त्या लिहून ठेवा. चष्मा आणि पाकीट यांची एक-एक जोडी जास्तीची ठेवा आणि कचऱ्याची पिशवी बाहेर टाकण्याआधी चाचपून घ्या.

आंघोळ

घराघरातली सगळ्यात मोठी लढाई इथे होते. कारणं पाहिली की नकार समजतो. कपडे काढून घेतले जातायत आणि का ते आठवत नाही. अंगाला गारवा लागतो. डोक्यावर पाणी आलं की श्वास कोंडल्यासारखं वाटतं. शॉवरचा आवाज बंद खोलीत फार मोठा होतो. त्यात मुलासमोर आई किंवा सुनेसमोर सासरे उघडे, म्हणजे लाज वेगळीच.

पहिली सवलत स्वतःला द्या: पूर्ण आंघोळ रोज झालीच पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. बाकीच्या दिवशी चेहरा, काखा, जांघा, पार्श्वभाग आणि पावलं कोमट ओल्या कापडाने पुसून कोरडी करा.

वेळ तीच ठेवा जी त्यांची आयुष्यभर होती. त्यांना आत नेण्याआधी सगळं तयार हवं: पाठ टेकता येईल असं न घसरणारं स्टूल, पायाखाली रबरी मॅट, भिंतीला पक्का बसवलेला दांडा (टॉवेल अडकवायची सळई माणसाचं वजन पेलत नाही), दोन मोठे टॉवेल, आणि कपडे घालायच्या क्रमाने रचलेले, पहिलं घालायचं ते सगळ्यात वर. पाणी ३७ ते ३८ अंशांच्या आसपास. मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार ना गरम लागलं पाहिजे. एकदा आत गेल्यावर साबण आणायला बाहेर पळू नका. पडतात ते त्याच अर्ध्या मिनिटात.

‘आंघोळ करायची का?’ विचारलं की ‘नको’ येणारच. ‘पाणी काढलंय, चला’ म्हणा. बसवल्यावर एक टॉवेल खांद्यांवरून आणि एक मांडीवर टाका आणि जो भाग धुवायचा तेवढाच उघडा करून पुन्हा झाका. टॉवेल ओला झाला तर होऊ द्या, तो त्यासाठीच आहे. सुरुवात पावलांपासून. पाणी थेट अंगावर न ओतता आधी त्यांच्या हातावर सोडा, मग ‘आता पाय’, ‘आता पाठ’ असं सांगत वर या. एका हातात छोटं कापड द्या. हात गुंतला की आपला हात ढकलला जात नाही, आणि तोंड ते स्वतःच पुसू शकतात. शॉवर हातात धरायचा असेल तर धार बारीक ठेवा. केस वेगळ्या दिवशी धुवा, तेही मान मागे न वाकवता, कपाळावर घडी केलेलं कापड धरून.

हात उगारला किंवा ओरडायला लागले तर थांबा, टॉवेल गुंडाळा, बाहेर काढा. अर्धवट आंघोळीने काही बिघडत नाही. जबरदस्ती केली की प्रसंग विसरला जातो पण भीती राहते, आणि पुढच्या वेळी न्हाणीघराच्या दारातच पाय अडतो.

पुसताना त्वचा पाहून घ्या: माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं, स्तनांखालच्या आणि जांघेतल्या घड्या, बोटांच्या बेचक्या. लाल डागावर बोट दाबून सोडल्यावर तो क्षणभर फिका पडला नाही, तर ती दाबामुळे होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे. गडद त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा वेगळा रंग असलेली जागा शोधा. त्या भागावरचा भार त्याच दिवसापासून काढायचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. किती वेळाने ते नर्सकडून त्यांच्या त्वचेनुसार ठरवून घ्या.

शौच आणि लघवी

सुरुवातीला कपडे ओले होतात ते नियंत्रण गेल्यामुळे कमी आणि संडास न सापडल्यामुळे किंवा नाडी न सुटल्यामुळे जास्त. दारावर मोठं चित्र लावा, दार उघडं आणि दिवा चालू ठेवा, कमरेला इलॅस्टिक असलेले कपडे आणा. सीट जमिनीहून वेगळ्या, ठळक रंगाची असावी. पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं त्यांना दिसतच नाही.

उठल्यावर, प्रत्येक खाण्यानंतर, झोपण्याआधी आणि एरवी दर दोन-तीन तासांनी घेऊन जा. लागली आहे का असं विचारत बसू नका. चुळबुळ, कपडे ओढणं, येरझारा, एकदम चिडचिड या खुणा त्यांच्या आहेत. ओलं होतं म्हणून पाणी तोडणं ही मात्र हमखास होणारी चूक आहे: लघवी दाट होऊन मूत्राशय चुरचुरतं, उलट जास्त वेळा लागते, आणि बद्धकोष्ठ वाढतं. हृदय किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभरात साधारण दीड लिटर द्रव पोटात जायला हवं. त्यातलं बरंचसं संध्याकाळच्या आधी द्या.

तीन दिवस शौचाला झालं नाही तर डॉक्टरांना सांगा. आणि एक फसवी गोष्ट: कडक मळ आत अडकला की त्याच्या कडेने पातळ शौच गळत राहतं. ते जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी दिली तर परिस्थिती बिकट होते.

जेवण

ताट एकरंगी, अन्नाच्या रंगापेक्षा वेगळं आणि नक्षी नसलेलं हवं. नक्षी उचलून खायचा प्रयत्न होतो. एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा. चमचा जमत नसेल तर हाताने धरता येतील असे तुकडे करा. शेजारी बसून आपणही खा. बघून खाणं बराच काळ टिकतं. पहिला घास थांबला असेल तर त्यांच्या हातात चमचा देऊन त्यावर आपला हात ठेवून तोंडापर्यंत न्या. पुढचे घास पुष्कळदा त्यांचे ते घेतात.

खाताना ताठ बसलेलं, हनुवटी किंचित खाली, आणि जेवल्यावर किमान अर्धा तास तसंच. आडवं असताना पाणीसुद्धा नको. पाण्याबरोबर ठसका लागणं, खाल्ल्यावर आवाज ओला-घोगरा येणं, घास गालात धरून ठेवणं, वारंवार छातीत कफ होणं म्हणजे गिळण्यात दोष आहे. स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या. पाणी किती दाट करायचं हे तेच ठरवतात. अंदाजाने दाट करायची पावडर घालू नका, फार दाट झालं की माणूस पिणंच सोडतो. जेवण झाल्यावर गालाच्या आत अडकलेलं काढा आणि मऊ ब्रशने दात घासा. कवळी रात्री काढून ठेवा.

महिन्याला एकदा वजन लिहा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर ती डॉक्टरांना दाखवण्याजोगी आहे. शेवटच्या टप्प्यात नाकातून किंवा पोटातून नळीचा प्रश्न येतो. प्रगत डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा नाही. त्यापेक्षा जमेल तेवढं, आवडीचं, सावकाश हाताने भरवणं जास्त योग्य मानलं जातं. ही चर्चा घरात वेळेआधी व्हावी, अतिदक्षता विभागाच्या दारात उभं राहून नको.

संध्याकाळ आणि रात्र

दुपार कलली की अस्वस्थता वाढते. दिवसभराचा थकवा, सावल्या आणि बिघडलेलं शरीराचं घड्याळ यांचा तो एकत्र परिणाम असतो. अंधार पडण्याच्या आधीच दिवे लावा आणि पडदे ओढा. काळोखात खिडकीची काच आरसा होते आणि बाहेर कोणीतरी उभं असल्याचा भास होतो. घरातल्या आरशातल्या माणसाशी भांडण सुरू झालं असेल तर आरसा झाकून टाका. डॉक्टरांची भेट, पाहुणे आणि (आयुष्यभराची सवय वेगळी नसेल तर) आंघोळ हे सकाळी उरका. सकाळी अर्धा तास उजेडात फिरणं आणि दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आवरणं, एवढ्यानेही रात्र सुधारते. दुपारनंतर चहा-कॉफी नको.

रात्री उठले तर मोठे दिवे लावू नका, ओरडू नका. लघवी, तहान, थंडी, दुखणं पाहा, हळू आवाजात ‘अजून रात्र आहे’ म्हणा आणि परत न्या. पलंग ते संडास या वाटेवर पायाशी मंद दिवे हवेत. झोपेची गोळी हा पहिला उपाय नव्हे: पडण्याचा धोका वाढतो आणि दुसऱ्या दिवशी गोंधळही.

घर

सुट्या चटया आणि जमिनीवरच्या वायरी काढा. चकाकणारी फरशी ओली भासते आणि दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, त्यामुळे माणूस तिथे अडतो किंवा उडी मारायला जातो. पलंगाची उंची इतकीच असावी की काठावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकतील. गॅसचा मुख्य कॉक वापर झाल्यावर बंद, औषधं आणि सफाईची द्रावणं कुलपात. फर्निचर मात्र उगाच हलवू नका. पायांना पाठ असलेली वाट डोक्यापेक्षा उशिरा विसरते.

बाहेर निघून जाण्याची तयारी पहिल्यांदा हरवण्याआधीच करायची. अंगावर नाव-फोन असलेलं कडं किंवा कपड्याच्या आत शिवलेली पट्टी, मोबाइलमध्ये अलीकडचा पूर्ण उभा फोटो, शेजारी, वॉचमन आणि जवळच्या दुकानदारांना कल्पना. दाराला जास्तीची कडी नजरेच्या पातळीच्या बरीच वर किंवा खाली लावली तर सापडत नाही, पण घरात एकटं ठेवून बाहेरून कुलूप कधीही नको. आग लागली तर सुटका नाही. माणूस दिसेनासा झाला तर घर, गच्ची, जिना आणि जवळचा परिसर पंधरा मिनिटं शोधा. नाही सापडला तर पोलिसांना कळवा आणि डिमेन्शिया आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. जुनं घर, जुनं ऑफिस आणि पाण्याच्या जागा आधी पाहायला लावा.

गाडी चालवणं कधी थांबवायचं हे डॉक्टरांच्या तोंडून सांगितलेलं बरं. घरच्यांनी सांगितलं की भांडण होतं.

औषधं

डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन या गोळ्या आजार थांबवत नाहीत. काही काळ लक्षणं थोडी सावरतात. पहिल्या तिघांनी मळमळ, जुलाब, भूक मंदावणं आणि नाडी संथ होणं होऊ शकतं. चक्कर येऊन पडले तर कोणती गोळी चालू आहे ते नक्की सांगा. डोनेपेझिल रात्री घेऊन भयंकर स्वप्नं पडत असतील तर ती सकाळी देता येईल का, विचारा. रिवास्टिग्मिनचा पॅच (त्वचेवर, बहुधा पाठीवर चिकटवायची औषधाची पट्टी) असेल तर नवा लावण्याआधी जुना काढलाच पाहिजे; दोन्ही अंगावर राहिले तर डोस जास्त होतो. त्याच जागी पुन्हा लावायचा तो चौदा दिवसांनी, म्हणून पाठीचं चित्र काढून त्यावर तारखा टाका.

गोळी कुटून भरवण्याआधी फार्मासिस्टला विचारा, काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शियाच्या पेशंटमध्ये पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. ती कधी लागतातही, पण सुरू करताना कोणत्या लक्षणासाठी, कमीत कमी किती डोस आणि थांबवण्याचा विचार कधी, हे विचारून लिहून घ्या. साधारण सहा आठवड्यांनी फेरतपासणी झालीच पाहिजे. असं औषध सुरू करण्याआधी आठवडाभर वही ठेवा: काय झालं, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, आणि कशाने थांबलं. बरेचदा वहीतूनच दिसतं की त्रास रोज एकाच कामाच्या वेळी होतोय, आणि मग गोळीऐवजी ते काम बदलता येतं.

सांभाळणाऱ्याची पाठ आणि झोप

उठवताना दंड किंवा काखेत हात घालून ओढू नका. त्यांचा खांदा आणि आपली कंबर दोन्ही जातात. आधी त्यांना खुर्चीच्या कडेला सरकवा, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, छाती पुढे वाकवा म्हणजे नाक पायाच्या बोटांवर येईल, मग ‘एक, दोन, तीन’ म्हणत कमरेशी हलका आधार द्या. आपले गुडघे वाकलेले, पाठ सरळ. पडले तर लगेच उचलू नका: मार आहे का पाहा, शुद्धीवर आहेत का, मग खुर्ची जवळ आणून त्यांनाच गुडघ्यावर येऊ द्या. कंबर किंवा पाय दुखत असेल, डोकं आपटलं असेल, तर न हलवता मदत बोलवा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसलं नाही तरी तपासणी हवी.

झोपेचं गणित सगळ्यात आधी मांडा. रोज रात्री तीन-चार वेळा उठणारी व्यक्ती काही आठवड्यांत चिडचिडी आणि आजारी होते. आठवड्यातल्या किमान दोन रात्री दुसऱ्या कोणीतरी घ्यायच्या, आणि त्या रात्री मुख्य व्यक्तीने वेगळ्या खोलीत, शक्य तर वेगळ्या घरात झोपायचं. त्याशिवाय आठवड्यातला एक ठरलेला अर्धा दिवस. ‘जमेल तेव्हा’ असं ठेवलं की तो दिवस येत नाही.

‘काही लागलं तर सांग’ असं म्हणणाऱ्यांना ठोस काम द्या. ‘दादा, दर गुरुवारी चार ते सात तू बाबांपाशी बस.’ लांब राहणाऱ्या भावंडाकडे औषधं मागवणं, बिलं, विम्याची कागदपत्रं आणि डॉक्टरांच्या वेळा घेणं सोपवता येतं. आणि भेटायला येऊन ‘आई तर छान बोलली माझ्याशी’ असं सांगणाऱ्या नातेवाइकाला एकदा पूर्ण चोवीस तास तिच्यासोबत ठेवा. पाहुण्यांसमोर थोडा वेळ माणूस खरोखरच सावरून बसतो, पण पाहुणा गेल्यावर पुढचे तास तसं राहत नाही.

राग येतो, आणि कधीकधी हातही शिवशिवतो. माणूस सुरक्षित जागी बसलेला असेल तर खोलीबाहेर जा, दार ओढा, पाच मिनिटं थांबा. हात उचलला गेला असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, रस नाहीसा झाला असेल, ‘हे संपलं तर बरं’ असे विचार येत असतील, तर स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घ्या. पेशंटच्या भेटीत कडेकडेने विचारू नका, ते राहून जातं. उचलायला दोन माणसं लागणं, रात्र-रात्र जागणं, मारहाण, यांपैकी काही रोजचं झालं असेल तर पूर्णवेळ मदतनीस किंवा शुश्रूषा केंद्राचा विचार करण्याची वेळ आलेली आहे. त्यात सोडून देणं काही नाही. भेटायला गेल्यावर मग निदान मुलगी म्हणून बसता येतं.

मृत्युपत्र, व्यवहाराचे अधिकार कोणाला, बँक खाती, पासवर्ड, आणि पुढे कोणते उपचार नकोत, हे सगळं निदान झाल्यावर लगेच वकिलाशी बोलून करा. सही करताना आपण काय करतोय ते सही करणाऱ्याला समजत असेल तरच त्या कागदाला किंमत आहे.

बदली माणूस किंवा मदतनीस ठेवताना पहिले दोन-तीन दिवस आपण सोबत राहा आणि एक पान भिंतीला लावून ठेवा. हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं तर त्याचीच प्रत फाइलला जोडा. त्यावर एवढं असू द्या: कोणत्या नावाने हाक मारली की वळतात, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र यातलं काय लागतं, काय खातात आणि कशाने ठसका लागतो, लघवी लागल्याची खूण, दुखल्यावर चेहरा कसा होतो, कशाने घाबरतात आणि कशाने शांत होतात, डिमेन्शियाचा प्रकार, चालू औषधं, कोणतं औषध अजिबात द्यायचं नाही, आणि दिवसा-रात्री फोन उचलणारी दोन माणसं. दर तीन महिन्यांनी पान बदला, कारण तोवर त्यातल्या दोन-चार ओळी जुन्या झालेल्या असतात.